मेटल डिटेक्टरचं फर्मवेअर व्हर्जन कसं शोधायचं: नमकीन कारखान्यात नव्यानं लागलेल्यांसाठी

फूड सेफ्टीचं ऑडिट आलं की टेस्ट पीसच्या (तपासणीसाठी मुद्दाम धातूचा कण बसवलेल्या तुकड्यांच्या) नोंदी बघून होतात, कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट बघून होतं, रिजेक्ट पेटीची किल्ली कुणाकडे असते तेही विचारून होतं. मग एखादा ऑडिटर विचारतो, "या मेटल डिटेक्टरमध्ये फर्मवेअर कोणतं आहे?" आणि लाइनवरचे सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. ऑपरेटर म्हणतो, "वो तो कंपनीवाले ही बताएँगे." फर्मवेअर म्हणजे मशिनच्या चिपमध्ये बसवलेला प्रोग्रॅम. खरं तर उत्तर समोरच्या मशिनमध्येच असतं, फक्त ते कुठे बघायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. इंदूरला सांवेर रोड, पालदा आणि तिकडे पीथमपूर इथल्या खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत आपली बरीच मुलंमुली क्यूएला (गुणवत्ता तपासणीला) किंवा मेंटेनन्सला लागतात. त्यांना पहिल्या महिन्यातच हे जमावं म्हणून नीट लिहून काढतोय.

हा आकडा एवढा महत्त्वाचा का

सेव-मिक्श्चरमध्ये धातू येतो कुठून? बेसनाच्या चाळणीची तुटलेली तार, सेवेच्या साच्याचा झिजून सुटलेला कण, कटरच्या पात्याचा तुकडा, थरथरून ढिला झालेला स्क्रू. लाइनवरचं चुंबक लोखंड पकडतं. पण चाळणीची तार स्टेनलेस स्टीलची असेल तर ती चुंबकाला फारशी दाद देत नाही. तिथे सगळी भिस्त डिटेक्टरवर असते.

डिटेक्टरच्या हेडमध्ये साधारणपणे तीन कॉइल असतात. मधली कॉइल चुंबकीय क्षेत्र तयार करते, दोन्ही बाजूंच्या कॉइल ते टिपतात आणि त्यांचे सिग्नल एकमेकांना बरोबर रद्द करतील असे जुळवलेले असतात. धातूचा कण आत आला की हा तोल बिघडतो. अडचण अशी की मीठ आणि ओलावा असलेला मालसुद्धा हा तोल थोडा बिघडवतो, त्याला प्रॉडक्ट इफेक्ट म्हणतात. कोरड्या लौंग सेवेचा तो कमी असतो, ओलसर किंवा गरम मालाचा जास्त. आलेला सिग्नल मिठाचा की तारेच्या तुकड्याचा, हे सिग्नलची ताकद आणि फेज (सिग्नल किती मागे-पुढे सरकला ते) बघून जो प्रोग्रॅम ठरवतो, तोच फर्मवेअर. तो बोर्डावरच्या चिपमध्ये बसवलेला असतो.

म्हणून फर्मवेअर बदललं की स्क्रीनवर सेन्सिटिव्हिटी आधीइतकीच दिसत असली, तरी त्या आकड्याचा अर्थ तोच राहिला आहे असं धरून चालता येत नाही. जुन्या व्हर्जनवर घेतलेलं व्हॅलिडेशन, म्हणजे मशीन ठरलेला धातू पकडतं याची खात्री करणारी चाचणी, नव्या व्हर्जनला आपोआप लागू होत नाही. ऑडिटर विचारतो ते याचसाठी.

आधी मशीनमध्ये किती बोर्ड आहेत ते बघा

नवीन माणूस मशिनचं एकच व्हर्जन शोधत बसतो. प्रत्यक्षात एका मशिनमध्ये दोन, तीन, कधी चार व्हर्जनं असतात. हेडच्या आत सिग्नल तपासणारा बोर्ड असतो, त्याचं एक. समोरच्या टचस्क्रीनचं किंवा कीपॅडचं दुसरं. पट्टा आणि रिजेक्टर (धातूचा माल बाजूला फेकणारा भाग) चालवणारा कंट्रोलर किंवा पीएलसी (त्याच कामाचा छोटा कॉम्प्युटर) वेगळा असेल तर त्याचं तिसरं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर रिपोर्ट काढायचं जे सॉफ्टवेअर असतं, त्याचंही व्हर्जन असतं, पण ते फर्मवेअर नव्हे. ते या हिशोबात धरायचं नाही.

आपल्याकडे ही गल्लत जास्त होते, कारण नमकीनची पाकिटं बहुधा ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेल्या चकचकीत फिल्मची असतात. ती पाकिटं डिटेक्टरमधून काढणं अवघड जातं, म्हणून पुष्कळ ठिकाणी माल पाकिटात जाण्याआधीच तपासतात. वर मल्टिहेड वजनकाटा, खाली पॅकिंग मशीन आणि मधल्या नळीभोवती डिटेक्टरचं हेड, त्याला ग्रॅव्हिटी हेड म्हणतात. हेड माळ्यावर आणि स्क्रीन खाली ऑपरेटरच्या हाताशी. स्क्रीनवर सहज दिसणारा आकडा अनेकदा त्या स्क्रीनचाच असतो. माल तपासणारा बोर्ड वर आहे आणि त्याचा आकडा मेनूत एक-दोन पायऱ्या आत असतो. ऑडिटरला हवा असतो तो आतला आकडा.

तेव्हा कागद घ्या आणि आधी बोर्डांची यादी करा: हेड, डिस्प्ले, रिजेक्ट कंट्रोलर. मॅन्युअलमध्ये मशिनचं चित्र असतं, त्यावरून यादी होते. मॅन्युअल सापडत नसेल तर मेंटेनन्सच्या जुन्या माणसाला गाठा, त्याला कुठलं कार्ड कुठे आहे हे पाठ असतं.

पाटीवर जे आहे ते व्हर्जन नव्हे

"काका, पाटीवर ३.२ लिहिलंय, तेच लिहू का?" नुकत्याच क्यूएला लागलेल्या एका मुलीनं मला विचारलं होतं. तिला म्हटलं, "लिही, पण पाटीवरचा आकडा म्हणून लिही. मशिनमध्ये आत्ता तेच आहे हे अजून कुठे बघितलंय आपण?"

पाटी मशीन कारखान्यातून निघालं त्या दिवशीची असते. त्यानंतर कार्ड बदललं गेलं असेल, सर्व्हिस इंजिनिअरनं अपडेट टाकला असेल, पाटी मात्र तशीच राहते. शिवाय पाटीवर मॉडेल नंबर, सीरियल नंबर, व्होल्टेज आणि कधी बोर्डाची रिव्हिजन असे बरेच आकडे असतात. 'रेव्ह' असं लिहून पुढे अक्षर किंवा आकडा असेल तर ती सहसा हार्डवेअरची, म्हणजे बोर्डाच्या छपाईची आवृत्ती असते. आतल्या प्रोग्रॅमची नव्हे. कॅलिब्रेशनच्या गोल स्टिकरवरची तारीख तर व्हर्जन नसतेच, पण रजिस्टरच्या व्हर्जनच्या रकान्यात ती लिहिलेली मी पाहिली आहे.

सीरियल नंबर मात्र नक्की टिपून ठेवा, पुढे लागतो.

मशीन सुरू होतानाचे ते काही सेकंद

बऱ्याच मशिनांवर पॉवर दिल्याबरोबर कंपनीचं नाव, मॉडेल आणि व्हर्जन क्षणभर झळकतं. मग सेल्फ टेस्ट होते आणि नेहमीचा स्क्रीन येतो. डोळ्यांनी वाचायला वेळ पुरत नाही, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि नंतर थांबवून थांबवून बघा. स्क्रीनवर ट्यूबलाइटची चमक पडत असेल तर फोन थोडा तिरका धरा. प्रॉडक्शन फ्लोअरवर मोबाइल नेता येत नसेल, आणि चांगल्या कारखान्यात तो नेऊ देतच नाहीत, तर क्यूए मॅनेजरकडून त्यापुरती परवानगी घ्या.

यासाठी चालू लाइन बंद करायची नाही. शिफ्ट सुरू होण्याआधी, पट्ट्यावर माल नसताना हे काम करा. रिजेक्टर हवेवर चालणारा असेल, म्हणजे पुशर किंवा एअर ब्लास्ट असेल, तर पॉवर येताना तो एकदम हलू शकतो. कंप्रेसरच्या लाइनचा व्हॉल्व्ह आधी बंद करा, हात आणि बाही लांब ठेवा. काम झाल्यावर व्हॉल्व्ह उघडायला विसरू नका. तो बंद राहिला तर डिटेक्टर धातू पकडेल, पण पाकीट बाहेर फेकलं जाणार नाही. हवेचा दाब कमी झाल्याचा अलार्म सगळ्याच मशिनांना नसतो.

पावसाळ्यात लाइट जाते-येते तेव्हा मशीन आपोआप रीस्टार्ट होतं आणि आकडा बघायची संधी मिळते. तेव्हाही आधी टेस्ट पीस टाकून तपासणी करायची. व्हर्जन नंतर.

मेनूत शोधताना

सुरुवातीच्या स्क्रीनवर काही दिसलं नाही तर मेनूत जा. कंपन्या वेगवेगळ्या आहेत. मेटलर टोलेडो, लोमा, सीइया, फोर्ट्रेस, अनरित्सू, पुण्याची टेक्नोफोर, प्रत्येकाची मेनूची मांडणी निराळी आणि एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या मॉडेलचीही निराळी. म्हणून अमुक बटण दाबा असं सरसकट सांगत नाही. कोणते शब्द शोधायचे ते सांगतो: 'अबाउट', 'इन्फो', 'सिस्टिम इन्फर्मेशन', 'डायग्नोस्टिक्स', 'सर्व्हिस', 'मेंटेनन्स'. आत गेल्यावर 'एस डब्ल्यू', 'एफ डब्ल्यू', 'व्हर्जन' किंवा नुसतं 'व्हर' दिसेल. 'एच डब्ल्यू' म्हणजे हार्डवेअर, तो आकडा वेगळ्या रकान्यात. 'बूट' किंवा 'बूटलोडर' असं असेल तर तो मुख्य प्रोग्रॅम चालू करून देणारा छोटा प्रोग्रॅम असतो, त्याचा आकडा मुख्य व्हर्जन म्हणून लिहू नका.

ऑपरेटरच्या लॉगिनमध्ये हे पान दिसत नसेल तर सुपरवायझरच्या लॉगिननं बघा. सर्व्हिस लेव्हलचा पासवर्ड कुणाकडून तरी मिळवून आत शिरू नका. त्या पानांवर फ्रिक्वेन्सी, फेज, कॉइलचं बॅलन्स अशी सेटिंग्ज असतात. चुकून एखादी हलली तर मशीन चालू दिसेल, हिरवा दिवा लागलेला राहील आणि पकड मात्र कमी झालेली असेल. त्या लेव्हलशिवाय व्हर्जन दिसतच नसेल तर सर्व्हिस इंजिनिअर पुढच्या व्हिजिटला आला की त्याच्या शेजारी उभं राहून वाचून घ्या.

एक सोपी वाट लोक विसरतात. मशिनला प्रिंटर असेल किंवा पेनड्राइव्हवर रिपोर्ट निघत असेल, तर रिपोर्टच्या वरच्या ओळी नीट वाचा. मॉडेल आणि सीरियल नंबराच्या आसपास व्हर्जनही छापलेलं असू शकतं. जुन्या महिन्यांचे रिपोर्ट फाइलला असतील तर त्यावरून व्हर्जन कधी बदललं हेही कळतं, आणि हे दुसऱ्या कुठल्याही मार्गानं सहसा कळत नाही.

जुनी मशिनं: खिडकीवाली चिप

काही कारखान्यांत अजून जुनी, नुसते आकडे दाखवणारी मशिनं चालतात आणि नीट चालतात. त्यांच्या बोर्डावर सॉकेटमध्ये बसवलेली एक लांबट चिप असते. तिच्या पाठीवर कागदी किंवा चांदीसारखं स्टिकर चिकटवलेलं असतं आणि त्यावर हातानं किंवा छापून व्हर्जन, तारीख, कधी चेकसम (तो काय ते पुढे सांगतो) लिहिलेला असतो. ही ईप्रॉम. स्टिकरखाली काचेची छोटी गोल खिडकी असते. नीट वाचता यावं म्हणून ते स्टिकर कधीही उचकटू नका. या चिपमधला प्रोग्रॅम अतिनील प्रकाशानं पुसला जातो. खिडकी उघडी राहून थेट उन्हात साधारण आठवडाभर किंवा ट्यूबलाइटच्या उजेडात सुमारे ३ वर्षं राहिली तर चिप पुसली जाऊ शकते. स्टिकर अक्षरांसाठी असतं तितकंच प्रकाश अडवण्यासाठीही असतं. कडा सुटल्या असतील तर वरून दुसरी अपारदर्शक पट्टी लावा, आणि त्याआधी मजकुराचा फोटो काढा.

बोर्ड उघडायचं काम मेंटेनन्सचं आहे, क्यूएचं नाही. मेन स्विच बंद करून कुलूप घालायचं, पॉवर सप्लायमधले कपॅसिटर रिकामे व्हायला मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं, मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधायचा. वॉरंटीचं सील असेल तर झाकण उघडूच नका. चिप बघायला फक्त टॉर्च आणि फोन पुरतो, चिपला हात लावायची गरज नाही.

अशा मशिनांमध्ये सेटिंग्ज जपायला नाण्यासारखी लिथियम बॅटरीही असू शकते. झाकण उघडलंच आहे तर तिच्यावर तारीख टाकलेली आहे का बघा. बॅटरी संपली तर व्हर्जन तेच राहतं, कारण ते चिपमध्ये असतं, पण प्रॉडक्टच्या सेटिंग्ज जातात.

आकडा वाचताना होणारी फसगत

व्ही ३.९ नवं की व्ही ३.१०? बऱ्याच कंपन्यांच्या पद्धतीत टिंबाच्या दोन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे मोजतात, म्हणून ३ च्या मालिकेतलं दहावं व्हर्जन नवव्याच्या पुढचं. पण काही ठिकाणी आकडा दशांशासारखाही वापरतात. अंदाज लावत बसण्यापेक्षा स्क्रीनवर दिसतं तसंच, शेवटच्या शून्यासकट आणि मागच्या अक्षरासकट उतरवून घ्या. ३.१० चं ३.१ करू नका, ती दोन वेगळी व्हर्जनं असू शकतात.

सात पट्ट्यांच्या लाल डिस्प्लेवर इंग्रजी ५ आणि 'एस' हुबेहूब सारखे दिसतात. शून्य आणि 'ओ', १ आणि 'आय', ८ आणि 'बी' यांचंही तेच. आकडा कुठला आणि अक्षर कुठलं, हे मॅन्युअलमधल्या नमुन्याशी ताडून ठरवा. व्हर्जनऐवजी सहा आकडी तारीख असेल तर तिच्यात दिवस आधी की महिना आधी हे कंपनी परदेशी असेल तर आपल्या सवयीनं ठरवू नका. १२ पेक्षा मोठा आकडा कुठे आहे त्यावरून बहुतेक वेळा उलगडा होतो.

चेकसम दिसला तर तोही लिहा. प्रोग्रॅममधल्या सगळ्या बाइटवरून काढलेला तो आकडा असतो. दोन मशिनांवर व्हर्जन एकच आणि चेकसम वेगळे असतील तर आतला प्रोग्रॅम तंतोतंत एक नाही, आणि हे कंपनीला कळवण्यासारखं आहे.

नोंद कशी करायची

रजिस्टरात एका मशिनला एक पान द्या. समजा, अशी नोंद: "लाइन २, ग्रॅव्हिटी हेड. सीरियल नंबर पाटीवरून. हेड बोर्ड ४.०६ब, डिस्प्ले २.१०, रिजेक्ट कंट्रोलर १.३. सर्व्हिस मेनूच्या माहितीच्या पानावरून वाचलं, फोटो जोडला. वाचणारा, ताडून बघणारा, तारीख." कुठून वाचलं हे लिहिणं फार गरजेचं आहे, कारण उद्या आकडे जुळले नाहीत तर कोणता धरायचा हे त्यावरून ठरतं. त्याच पानावर प्रत्येक प्रॉडक्टची सेन्सिटिव्हिटी, फेज, पट्ट्याचा वेग, रिजेक्टची वेळ आणि फेरस, नॉन-फेरस, स्टेनलेस स्टील या तिन्ही टेस्ट पीसचे व्यास लिहा. नुसतं व्हर्जन लिहिलेलं पान अर्धवट आहे.

हे किती उपयोगी पडतं त्याचं उदाहरण देतो. एका कारखान्यात एएमसीखाली, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात, हेडचं कार्ड बदललं गेलं. आलेल्या इंजिनिअरनं काम नीट केलं, पण नव्या कार्डात कोणतं व्हर्जन आहे हे कुठेच लिहिलं नाही. सेटिंग्ज मूळ आकड्यांवर गेल्या होत्या, त्यानं त्या आठवणीतून भरल्या. टेस्ट पीस टाकला की अलार्म वाजायचा, म्हणून सगळे निश्चिंत. प्रत्यक्षात रिजेक्टची वेळ चुकलेली होती. हिशोब करून बघा: पट्टा मिनिटाला ३० मीटर चालतो, म्हणजे सेकंदाला ५० सेंटिमीटर. रिजेक्टर हेडपासून १ मीटर पुढे असेल तर त्यानं २ सेकंदांनी मारायला हवं. तिथे १ सेकंद पडला तर फटका बसतो तेव्हा धातूचं पाकीट रिजेक्टरच्या ५० सेंटिमीटर अलीकडेच असतं. पाकिटं २५ सेंटिमीटर अंतरावर असतील तर त्याच्या दोन पाकिटं पुढचं चांगलं पाकीट पेटीत पडतं आणि धातूचं पाकीट नंतर तसंच पुढे निघून जातं. अलार्मही वाजला, पेटीत पाकीटही पडलं, आणि दुकानात जायचा माल तरीही चुकीचा. जुन्या व्हर्जनसोबत जुन्या सेटिंग्जचं पान असतं तर दहा मिनिटांत हे सापडलं असतं.

म्हणून कार्ड बदललं, अपडेट टाकला किंवा व्हर्जन आपल्या नोंदीपेक्षा वेगळं दिसलं, तर लाइन तिथेच थांबवायची. सगळ्या प्रॉडक्टच्या सेटिंग्ज पानाशी ताडायच्या. मग तिन्ही टेस्ट पीस खऱ्या मालासोबत सोडायचे आणि अलार्म वाजला यावर समाधान न मानता, टेस्ट पीस पेटीत पडला हे डोळ्यांनी बघायचं. स्टेनलेस स्टीलवर जास्त वेळ द्या. ३१६ ग्रेडचं स्टील चुंबकीय नसतं आणि वीजही कमी वाहून नेतं, त्यामुळे तिघांत तेच पकडायला सगळ्यात अवघड. पकड कमी झाली असेल तर ती आधी तिथे दिसते.

कारखान्याबाहेरचे डिटेक्टर

मॉलच्या दारातले चौकटीचे डिटेक्टर सांभाळायची वेळ आली तरी पद्धत हीच: आधी किती बोर्ड ते बघा, मग सुरुवातीचा स्क्रीन, मग माहितीचं पान. छंद म्हणून जमिनीत धातू शोधायची हातातली मशिनं आता आपल्याकडेही ऑनलाइन मागवली जातात. त्यांतही हाच घोळ होतो. फ्रान्सच्या एक्सपी कंपनीच्या 'डिउस'मध्ये कॉइल, रिमोट आणि हेडफोन वायरलेस आहेत आणि प्रत्येकाचं सॉफ्टवेअर स्वतंत्र आहे. सेकंडहँड घेताना तिन्हींची व्हर्जनं जुळतात का ते विकणाऱ्यासमोर बघून घ्या. आणि असं मशीन घेऊन जुने वाडे, गढ्या, छत्र्या यांच्या आवारात जाऊ नका. संरक्षित स्मारकांना १९५८ चा कायदा लागू आहे. इतरत्रही जमिनीत दडलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह ॲक्टप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं.

कंपनीला विचारायची वेळ आली तर

स्क्रीनवर नाही, मेनूत नाही, रिपोर्टवर नाही, अशी मशिनं असतात. तेव्हा कंपनीच्या सर्व्हिस विभागाला मेल करा. मॉडेल, सीरियल नंबर, बसवल्याचं वर्ष, आजवर कोणती कार्डं बदलली आणि स्क्रीनचे दोन-तीन फोटो सोबत द्या. प्रश्न नेमके विचारा: मशीन पाठवलं तेव्हा कोणतं व्हर्जन होतं, तुमच्या सर्व्हिस नोंदीप्रमाणे आज कोणतं असायला हवं, आणि दोन्हींमध्ये डिटेक्शनवर परिणाम करणारा काही बदल आहे का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी मागा. फोनवर मिळालेलं "कुछ खास नहीं बदला" हे ऑडिटमध्ये चालत नाही. नव्या व्हर्जनचा अपडेट देऊ केला तर तो दिवाळीच्या तोंडावर, लाइन तिन्ही शिफ्टमध्ये चालू असताना घेऊ नका. व्हॅलिडेशनला पुरेसा वेळ मिळेल असा मंदीचा आठवडा ठरवा, आधी जुन्या सेटिंग्जचं पान पूर्ण करा, आणि परत जुन्या व्हर्जनवर जाता येईल का हे इंजिनिअरनं काम सुरू करण्याआधी विचारून घ्या.